निक आणि नोरा सहा सिनेमांवर का थांबले?

प्रश्न : ताई, गेल्या पावसाळ्यात मुलीने आम्हां दोघांसाठी ‘द थिन मॅन’ मालिकेतल्या सहाही सिनेमांच्या डीव्हीडी आणून दिल्या. लाइट असेल तेवढा बघायचा, गेली की उरलेला दुसऱ्या दिवशी, असं करत सगळे संपवले. फार आवडले. १९३४ साली सुरू झालेली ही मालिका १९४७ साली बंद का झाली, यावर घरात अजून वाद चालू आहे. माझं म्हणणं, खुनाच्या गोष्टी संपल्या असतील. आमची मंडळी म्हणते, “त्येंचा आपसात भांडान झाला आसतला, सहाव्या पिक्चरात माका दिसलाच ता.” खरं काय ते तुम्हीच सांगा.
— एक वाचक, देवगड तालुका

उत्तर : भांडण झालं नव्हतं, हे आधी सांगून टाकते. पण वहिनींना सहाव्या सिनेमात जे दिसलं ते खरंच तिथे आहे. त्याचं कारण वेगळं आहे, आणि ते सांगायला मला थोडी जागा लागेल.

ज्यांनी हे सिनेमे पाहिले नाहीत त्यांच्यासाठी दोन ओळी. निक चार्ल्स हा गुप्तहेरी सोडून दिलेला, मद्याचा शौकीन, हजरजबाबी माणूस. नोरा त्याची श्रीमंत बायको. दोघं राहतात सॅन फ्रान्सिस्कोला, बरोबर अस्टा नावाचा कुत्रा. निकला कामाची मुळीच हौस नसते, पण खून काही त्यांची पाठ सोडत नाहीत, आणि नोराला तर तपासाची भारी हौस. विल्यम पॉवेल आणि मिर्ना लॉय यांनी मेट्रो-गोल्डविन-मेयर (थोडक्यात मेट्रो) कंपनीसाठी अशा सहा कथा केल्या. १९३४, १९३६, १९३९, १९४१, मग युद्धाच्या शेवटी शेवटी पाचवी आणि १९४७ साली सहावी.

आता भांडणाचं. पॉवेल आणि लॉय पडद्यावर इतके खरे नवरा-बायको वाटायचे की अमेरिकेत असंख्य लोक त्यांना खरोखरचं जोडपं समजत. दुसऱ्या सिनेमाच्या चित्रीकरणासाठी ही मंडळी सॅन फ्रान्सिस्कोला गेली तेव्हा हॉटेलवाल्यांनी दोघांसाठी एकच खास दालन राखून ठेवलं होतं. बरोबर नटी जीन हार्लो होती. पॉवेलचं प्रेम तिच्यावर, लग्नाच्या गोष्टी चाललेल्या. शेवटी त्या दालनात लॉय आणि हार्लो राहिल्या आणि पॉवेल खालच्या एका लहान खोलीत गेला. लॉयनेच हे पुढे आत्मचरित्रात सांगितलं आहे. तिचं भांडण झालं ते कंपनीशी. १९३५ साली तिला कळलं की आपल्याला पॉवेलपेक्षा बराच कमी पगार मिळतो, तेव्हा ती सरळ काम सोडून निघून गेली आणि कंपनीला नमावं लागलं. पॉवेलशी तिची मैत्री शेवटपर्यंत टिकली. दोघांनी मिळून चौदा सिनेमे केले, आणि त्यातला शेवटचा तर १९४७ सालचाच. पॉवेलच्या एका राजकीय विनोदपटात ती शेवटी क्षणभरच येते, त्याची बायको म्हणून. भांडलेली माणसं असं करत नाहीत.

तुमचा तर्क, गोष्टी संपल्याचा, तोही मला पटत नाही. कारण या मालिकेत गोष्टीला महत्त्व कधी होतंच कुठे? डॅशिएल हॅमेटने निक-नोरावर एकच कादंबरी लिहिली, १९३४ सालची. त्यातला ‘थिन मॅन’ म्हणजे निक नव्हेच. बेपत्ता झालेला तो काटकुळा संशोधक म्हणजे थिन मॅन. पहिला सिनेमा इतका गाजला की कंपनीने तेच नाव पुढच्या प्रत्येक सिनेमाला लावलं आणि लोक निकलाच थिन मॅन म्हणू लागले. तुम्ही सहा सिनेमे नुकतेच पाहिले आहेत. तिसऱ्यातला खून कोणी केला आणि का केला, हे न थांबता सांगता येईल का? मला विचाराल तर मी अडखळेन. पण पहिल्या सिनेमात नोरा बारमध्ये येते, तो प्रसंग मी झोपेतून उठवलं तरी सांगेन.

नोरा नाताळची खरेदी करून येते. दोन्ही हातांत पुडकी, कुत्रा दोरी ओढत पुढे, आणि बाई भर बारमध्ये सपशेल तोंडावर पडते. उठते, टोपी सावरते, नवऱ्याशेजारी बसते. किती झाले म्हणून विचारते. हा सहावा मार्टिनी, तो म्हणतो. ती वेटरला शांतपणे सांगते, मला आणखी पाच आणून दे, इथे समोर ओळीने मांड. बस, एवढंच. तिने त्याला रागावलं नाही, डोळे वटारले नाहीत, रडली नाही. बरोबरीला यायचं ठरवलं. त्या काळच्या अमेरिकन सिनेमात प्रेम लग्नापाशी संपायचं आणि लग्नानंतर बायको म्हणजे एकतर सोशिक नाहीतर कजाग. इथे लग्न होऊन काही वर्षं झालेली दोन माणसं एकमेकांच्या संगतीत मजेत आहेत, एवढीच गोष्ट होती, आणि ती नवी होती. नाताळच्या सकाळी निक सोफ्यावर पडून छऱ्याच्या बंदुकीने झाडावरचे फुगे फोडतो आणि नोरा फरचा कोट घालून समोर बसून बघत असते, तोही प्रसंग आठवा. रहस्याला त्याचा काडीचा उपयोग नाही. लोक तेवढ्यासाठी पुन्हा पुन्हा जायचे.

हे लग्न कोणी रचलं? इथे माझ्या उत्तराचा गाभा आहे.

पटकथा लिहिली अल्बर्ट हॅकेट आणि फ्रान्सेस गुडरिच यांनी, आणि ते स्वतः नवरा-बायको होते. दिग्दर्शक डब्ल्यू. एस. व्हॅन डाइक यांनी त्यांना सांगितलं होतं, रहस्याची फार काळजी करू नका, निक-नोराचे प्रसंग भरपूर लिहा. हे व्हॅन डाइक म्हणजे झपाट्याने काम करणारे गृहस्थ. पहिल्या टेकमध्ये जे ताजं येतं ते पाचव्यात येत नाही, असा त्यांचा हिशेब. पहिला सिनेमा तीन आठवड्यांच्या आत चित्रित झाला, खर्च अडीच लाख डॉलरच्याही आत. मिर्ना लॉयसाठीसुद्धा तेच हट्ट धरून बसले. कंपनीचे प्रमुख लुई मेयर यांच्या डोळ्यांपुढे ती परदेशी मोहिनीच्या भूमिकांतली नटी होती, विनोद तिला कुठला जमणार असं त्यांचं मत. व्हॅन डाइक यांनी नुकतंच तिला आणि पॉवेलला एका सिनेमात एकत्र वापरलं होतं आणि दोघं शॉट नसतानाही कसे बोलत बसतात ते पाहिलं होतं. त्यांनी जे पाहिलं तेच पडद्यावर आणलं. चार ऑस्कर नामांकनं मिळाली, सर्वोत्कृष्ट चित्रपटाचंसुद्धा.

आपल्याकडे हे समजायला दशावतार पुरेसा आहे. माझे एक मामा स्त्रीपार्ट करायचे. नाटकाला लिहिलेली संहिता नसतेच, हे तुम्हां तळकोकणातल्या लोकांना मी काय सांगू? रंगपटात चेहऱ्याला रंग लावता लावता कथानक ठरतं, आणि मग मांडावर राजा आणि राणी जे बोलतात ते त्या रात्रीचं, त्या दोघांचं. मामांचं आणि त्यांच्या राजपार्टीचं, म्हणजे राजाचं काम करणाऱ्या नटाचं, इतकं जुळलेलं होतं की जत्रेत लोक पुराणकथा बघायला नव्हे, त्या दोघांचं बोलणं ऐकायला पहाटेपर्यंत बसायचे. पुढे पखवाजवाला गेला, मग पेटीवाला दुसऱ्या मंडळात गेला, मालकही बदलले. राजा-राणी तेच राहिले, कथानक तेच. पण मामा शब्द टाकायचे आणि तो झेलायला मागे थाप पडायची नाही. बघणाऱ्यांना वाटायचं, या दोघांचं काहीतरी बिनसलंय. वहिनींनाही सहाव्या सिनेमात तेच दिसलं असणार असं मला वाटतं.

कारण त्या मालिकेची मागची माणसं एकेक करून उठून गेली. हॅकेट आणि गुडरिच दुसऱ्या सिनेमापर्यंतच या जोडीला कंटाळले होते. दुसऱ्याचा शेवट आठवतो ना? रेल्वेच्या डब्यात नोरा काहीतरी इवलंसं विणत बसलेली, निक नुसता बघत राहतो, आणि त्याला काय ते कळेपर्यंत तीच त्याला विचारते, म्हणे तू स्वतःला गुप्तहेर म्हणवतोस! शेवट म्हणून तो अप्रतिम आहे. मला तर वाटतं मालिका तिथेच थांबली असती तरी कोणी तक्रार केली नसती. पण पैसा येत होता. १९३७ साली हॅमेटने निक-नोराचे सगळे हक्क कंपनीला ४०,००० डॉलरला विकून टाकले आणि तिसऱ्या सिनेमाच्या कथेनंतर तोही यातून बाहेर पडला. हॅकेट-गुडरिच यांनी तिसरा लिहिला आणि १९३९ साली मेट्रो सोडली. पुढे याच दोघांनी ॲन फ्रँकच्या डायरीवरचं नाटक लिहिलं, त्याला पुलित्झर मिळालं. म्हणजे लिहिण्याची ताकद संपली नव्हती, या घरातलं त्यांचं मन उडालं होतं. चौथा सिनेमा दुसऱ्या लेखकांनी लिहिला. निर्माते हंट स्ट्रॉमबर्ग १९४२ साली कंपनीतून गेले. आणि फेब्रुवारी १९४३ मध्ये व्हॅन डाइक वारले. मालिका १९४७ साली बंद पडली असं आपण म्हणतो, पण माझ्या मते ती या चार वर्षांत संपली. पुढचे दोन सिनेमे निघाले ते निक-नोराच्या पुण्याईवर.

पॉवेलच्या आयुष्यातही याच काळात मोठा घाव बसला. जून १९३७ मध्ये जीन हार्लो अवघ्या सव्वीसाव्या वर्षी गेली. पाठोपाठ त्याला आतड्याच्या टोकाला कर्करोग झाल्याचं निघालं. शस्त्रक्रिया, रेडियमचे उपचार, आणि वर्षभराहून जास्त काळ तो कॅमेऱ्यापासून लांब राहिला. दुसरा सिनेमा १९३६ च्या नाताळचा आणि तिसरा १९३९ च्या नोव्हेंबरचा, मधल्या या तीन वर्षांचं हे कारण. तिसऱ्यात तो परत आलेला पाहताना मला आजही बरं वाटतं, पण चेहऱ्यावर काहीतरी उतरलेलं आहे, ते लपत नाही.

आणखी एक गोष्ट बाहेरून घडली. पहिला सिनेमा मे १९३४ मध्ये आला. अमेरिकेतली दारूबंदी उठून जेमतेम पाच-सहा महिने झालेले, म्हणून त्या पाच मार्टिनींना थिएटरात तसा हशा मिळाला असणार. आणि त्याच जुलैपासून हॉलिवूडची आचारसंहिता कडक झाली. प्रत्येक पटकथा तपासली जाऊ लागली. नवरा-बायकोमधली चावट थट्टा, दारू, सगळ्यावर नजर. त्यात पदरी मूल आलं. निक ज्युनियर गोड पोरगा आहे, माझं त्याच्याशी वैर नाही. पण मूल असलेल्या घरात निकला नीट वागणं भाग पडलं. १९४१ च्या सिनेमात जेवणाच्या टेबलावर मुलाच्या हट्टापायी तो दूध पितो. पाचव्यात तर अख्खा सिनेमाभर सफरचंदाचा रस. कथेत कारण असं दिलंय की तो आईवडिलांच्या गावी गेलाय आणि वडिलांना त्याचं पिणं पसंत नाही. पण बाहेर युद्ध चालू होतं, मद्याचे कारखाने सैन्यासाठी अल्कोहोल काढत होते, दुकानांत टंचाई होती. अशा वेळी पडद्यावर ग्लासामागून ग्लास रिकामे करणं शोभलं नसतं. सहा मार्टिनी, मग दूध, मग रस. हा घसरणीचा आलेख दारूचा नाही. निक पडद्यावर पूर्वी जो मोकळेपणा घेऊन यायचा, तो त्याच्या हातातून ग्लासाबरोबर काढून घेतला गेला.

युद्धाने लॉयलाही नेलं. १९४१ चा सिनेमा नोव्हेंबरात लागला, पर्ल हार्बरवरचा हल्ला ७ डिसेंबरचा. तिने हॉलिवूड सोडलं, न्यूयॉर्कला गेली आणि रेड क्रॉसच्या कामाला वाहून घेतलं. युद्धाच्या सगळ्या वर्षांत तिने एकच सिनेमा केला, आणि तो निक-नोराचा पाचवा. दिग्दर्शक रिचर्ड थॉर्प, सभ्य, नीटनेटकं काम करणारे. पण नोराच्या वाट्याला त्यात नुसती फजिती येते. पहिल्या सिनेमात स्वतः पडून स्वतः उठणारी बाई इथे दुसऱ्यांनी हसावं म्हणून पाडली जाते, हे मला फार खटकतं.

आता सहावा. ऑगस्ट १९४७, दिग्दर्शक एडवर्ड बझेल. जुगाराच्या बोटीवर बँडमास्तरचा खून होतो आणि तपासासाठी निक-नोराला रात्री-बेरात्री जॅझवाल्यांच्या अड्ड्यांवर फिरावं लागतं. नीट बघा, त्यांना तिथली भाषा कळत नाही. कीनन विनने केलेला क्लॅरिनेटवाला त्यांना हाताला धरून नेतो, समजावून सांगतो. आता पहिल्यातली नाताळची पार्टी आठवा. न्यूयॉर्कमधले निम्मे भुरटे आणि पहिलवान निकच्या खोलीत जमलेले, सगळे त्याला ओळखतात, एक जण तर तिथूनच आईला फोन लावून हुंदके देतो. ज्या माणसाला सगळं शहर ओळखत होतं त्याला तेरा वर्षांनी वाटाड्या लागतो. कथेत हे विनोद म्हणून घातलंय. पण पॉवेल तेव्हा पंचावन्नचा, लॉय बेचाळीसची, आणि प्रेक्षक युद्ध पाहून आलेला. त्याला गुप्तहेर हवा होता तो अंधाऱ्या गल्लीतला, एकटा, कोणावर विश्वास न ठेवणारा. रेशमी गाऊन घालून न्याहारीला थट्टा करणारं जोडपं त्याला जुनं वाटू लागलं होतं.

कंपनीच्या हिशेबात सहाव्या सिनेमाने तोटा दाखवला. पहिला अडीच लाखांच्या आत झाला होता, सहाव्याला त्याच्या कितीतरी पट खर्च आला. वेळही वाईट होती. अमेरिकेत थिएटरांची गर्दी १९४६ साली शिगेला पोचून उतरायला लागली होती. १९४७ च्या ऑगस्टमध्येच ब्रिटिश सरकारने परदेशी सिनेमांवर ७५ टक्के कर बसवला आणि हॉलिवूडने तिकडे नवे सिनेमे पाठवणंच थांबवलं. म्हणजे हक्काची मोठी बाजारपेठ बंद. कंपन्या मालिका आवरायला लागल्या. एकट्या मेट्रोच्याच बघा : अँडी हार्डीची मालिका १९४६ च्या डिसेंबरात थांबली (पुढे १९५८ साली एकदाच डोकावली), डॉक्टर गिलेस्पीची १९४७ साली, मेझी नावाच्या नर्तकीची त्याच साली. युनिव्हर्सल कंपनीची शेरलॉक होम्सची मालिका १९४६ साली. तेव्हा निक-नोरा एकटेच गेले नाहीत. तो सगळा ऋतूच सरला होता.

आणि पॉवेल-लॉय यांना तरी कुठे गरज होती? १९४६ साली लॉयने युद्धावरून परतलेल्या सैनिकाच्या बायकोचं काम केलं. तो सिनेमा त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला. पॉवेलला १९४७ साली दुसऱ्या कंपनीच्या कौटुंबिक विनोदपटासाठी ऑस्करचं नामांकन मिळालं, त्याचं तिसरं. दोघांचीही उत्तम कामं याच वर्षांतली आहेत, मेट्रोबाहेरची. म्हणून म्हणते, नट थकले नव्हते. त्यांच्यासाठी लिहिणारं कोणी उरलं नव्हतं.

वहिनींना सांगा, त्यांची नजर बरोबर होती, फक्त भांडण त्या दोघांत नव्हतं.

प्रश्न : याच मालिकेबद्दल विचारते. दुसरे नट घेऊन ती पुन्हा का सुरू केली नाही? आणि तो कुत्रा सहाही सिनेमांत एकच आहे का?
— एक वाचक, गुहागर

उत्तर : रेडिओवर निक-नोरा १९४१ पासून १९५० पर्यंत होते, दुसऱ्या आवाजांत. टीव्हीवर १९५७ ते १९५९ पीटर लॉफर्ड आणि फिलिस कर्क यांनी ही जोडी केली. दोन वर्षं चालली आणि थांबली. मोठ्या पडद्यावर मात्र मेट्रोने या दोन भूमिकांत दुसऱ्या कोणाला उभं केलं नाही. मला हे शहाणपणाचं वाटतं. वर सांगितलेली सगळी माणसं पुन्हा जमवता आली नसती, आणि नुसती नावं लावून काय उपयोग? पॉवेलने १९५५ साली काम थांबवलं आणि १९८४ साली, एक्क्याण्णव वर्षांचा होऊन, गेला. लॉयला १९९१ साली मानाचा ऑस्कर मिळाला. त्याआधी तिला एकदाही नामांकन मिळालं नव्हतं, हे मात्र मला अजून पटत नाही.

कुत्रा एकच नाही. पहिल्यातला अस्टा म्हणजे स्किप्पी नावाचा वायर फॉक्स टेरियर. कॅरी ग्रँटच्या दोन गाजलेल्या विनोदपटांतही तोच आहे. पुढच्या सिनेमांत त्याच जातीचे दुसरे कुत्रे आले. हॅमेटच्या कादंबरीत अस्टा श्नॉझर जातीची कुत्री आहे. सिनेमाने जातही बदलली आणि तिचा कुत्राही केला. सिनेमा गाजल्यावर अमेरिकेत वायर फॉक्स टेरियरला इतकी मागणी आली की घरोघरी अस्टा झाले.

तुम्ही अजून पाहिले नसतील तर क्रमाने पाहा, आणि घाई असेल तर पहिले दोन तरी पाहाच. दुसऱ्यात तरुण जेम्स स्ट्युअर्ट आहे, तो काय करतो ते मी इथे सांगणार नाही.